संगणकावरील रेखाचित्र: साधनपट्ट्या, फलक आणि एक बिघडलेलें नांव

लोहारा हें नांव घेतांच लोहाराची आठवण होते. ज्यानें कधीं लोहाराच्या भट्टीपाशीं घटकाभर उभें राहून काम पाहिलें असेल त्याच्या एक गोष्ट ध्यानांत आली असेल. ऐरण, घण, हातोडा, सांडशी, पाण्याची कुंडी, या सर्वांच्या जागा तेथें ठरलेल्या असतात. लोखंड लाल राहतें तें थोडाच वेळ. तेवढ्यांत सांडशी शोधीत बसण्यास लोहाराला सवड नसते. म्हणून त्याचा हात न पाहतां तिकडे जातो. संगणकावर चित्रें काढूं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांस आम्ही प्रथम हीच गोष्ट सांगतों. कारण त्यांचा निम्मा तास चित्र काढण्यांत न जातां साधनें हुडकण्यांत जातो.

चित्रकलेच्या वर्गांत 'इंकस्केप' नांवाचें सॉफ्टवेअर वापरावयास लागल्यापासून आमच्याकडे सर्वांत अधिक वेळां आलेली तक्रार "सर, चित्र जमत नाहीं" ही नसून "सर, टूलबार गेला" ही आहे. कित्येक पालकांनीं आम्हांस असेंहि विचारलें कीं, मुलगा घरीं येऊन नोड, लेयर, स्ट्रोक असले शब्द बोलतो, तें काय प्रकरण आहे? या दोन्ही मंडळींसाठीं हा लेख आहे. त्यांत शेवटीं आमच्याच हातून झालेल्या एका चुकीची हकीकत येईल. खरें म्हणजे तिच्यासाठींच लेखणी हातीं घेतली.

प्रथम या चित्राची जात समजून घ्यावी. आपण मोबाइलनें जें छायाचित्र घेतों तें अगदीं बारीक चौकोनांचें बनलेलें असतें, व प्रत्येक चौकोनास एक रंग असतो. कापूस तर आपल्या जिल्ह्याचें मुख्य पीक, आणि लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतींत डेनिमचें कापड विणणारी गिरणीहि उभी राहिली. तेव्हां कापडाचें उदाहरण घेऊं. जीनचें कापड हातभर अंतरावरून एकसारखें निळें दिसतें, डोळ्याजवळ आणलें कीं निळे व पांढरे धागे वेगळे दिसूं लागतात. छायाचित्र फार मोठें केलें म्हणजे तसेंच होतें. चौकोन उघडे पडतात आणि कडा दातेरी दिसतात. दुसरी रीति शिंप्याची. शिंपी सदऱ्याचें चित्र जपून ठेवीत नाहीं, तो माप ठेवतो: गळा येथून येथवर, वांक इतका, बाही इतकी. त्या मापाला पट लावला कीं लहान मुलाचा सदरा मोठ्या माणसाचा होतो, आणि शिवण कोठें दातेरी होत नाहीं. संगणकावरील व्हेक्टर, म्हणजे सदिश चित्र, हें असें मापांचें चित्र आहे. येथून येथवर रेघ, तिचा वांक असा, जाडी इतकी, आंत रंग हा. एवढेंच संगणक लक्षांत ठेवतो व प्रत्येक वेळीं चित्र नव्यानें काढतो. म्हणूनच वहीवरील नांवाच्या चिठ्ठीएवढें चिन्ह दहा फुटी फ्लेक्सवर नेलें तरी तें स्वच्छ राहतें.

ही विद्या फार जुनी नाहीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेंत इव्हान सदरलँड या विद्यार्थ्यानें १९६३ सालीं 'स्केचपॅड' नांवाचा प्रबंध सादर केला. त्यांत प्रकाशलेखणीनें पडद्यावर रेघा काढण्याची सोय होती. वांकड्या रेघेचें गणित फ्रान्समधील मोटारींच्या कारखान्यांतून आलें. सिट्रोएनमधील पॉल द कास्तेल्जो व रेनोमधील पिएर बेझिए या दोघांनीं मोटारीच्या अंगाचे वांक नेमके सांगतां यावेत म्हणून तें वेगवेगळें शोधिलें; नांव मात्र बेझिए यांचें राहिलें. पुढें १९८७ सालीं 'ॲडोबी इलस्ट्रेटर' व १९८९ सालीं कॅनडांतून 'कोरल ड्रॉ' हीं बाहेर पडलीं. यांपैकीं दुसऱ्याचें नांव लग्नपत्रिका छापणाऱ्या कोणत्याहि दुकानांत ऐकूं येतें. इंकस्केप हें २००३ सालीं 'सोडीपोडी' नांवाच्या सॉफ्टवेअरपासून फुटून निघालें व त्याची १.० ही आवृत्ति २०२० सालीं आली. त्यास पैसे पडत नाहींत. जो मुलगा शाळेंत शिकतो त्यास घरच्या किंवा चुलत्याच्या जुन्या संगणकावरहि तेंच मिळावें, एवढ्याच कारणानें आम्ही तें निवडलें.

आतां पडद्याकडे वळूं. मध्यें पांढरा कागद दिसतो. त्याच्या डाव्या कडेस जी उभी पट्टी असते ती साधनपट्टी. आपला हात या क्षणीं काय करणार आहे तें तिजवरून ठरतें. तिजवरील सगळीं चिन्हें पाठ करण्याची गरज नाहीं. सहा पुरेत: बाणाचें चिन्ह म्हणजे वस्तु निवडण्याचें साधन, त्याची कळ एस, बिंदु हलविण्याचें साधन, कळ एन, चौकोन, कळ आर, वर्तुळ, कळ ई, लेखणी, कळ बी, आणि मजकूर, कळ टी. हात लोहारासारखा न पाहतां जावा म्हणून या कळा लक्षांत ठेवाव्या. एक मात्र सांभाळावें. मजकूर लिहीत असतां एस दाबला तर साधन बदलत नाहीं, एस हें अक्षरच उमटतें. आधीं एस्केप दाबून बाहेर यावें. निमंत्रणपत्रिकेंत मध्येंच एक इंग्रजी अक्षर शिरलेलें आम्ही पाहिलें आहे, तें असेंच शिरलें होतें.

वरच्या बाजूस, मेनूच्या खालीं, एक आडवी पट्टी असते. 'टूलबार गेला' ही तक्रार बहुतेक वेळां हिच्याबद्दलच असते, आणि ती गेलेली नसते, बदललेली असते. डावीकडे जें साधन घ्यावें त्याप्रमाणें ही पट्टी आपलें रूप पालटते. तारा घेतला तर तिजवर कोपरे किती हें विचारलें जातें. चौकोन घेतला तर कोपऱ्यांची गोलाई विचारली जाते. मजकूर घेतला तर टंकाचें, म्हणजे फॉन्टचें, नांव व आकार दिसतो. शिवाय ती मागची गोष्ट लक्षांत ठेवते. एकदां कोपरे गोल केले कीं पुढचा प्रत्येक चौकोन गोल कोपऱ्यांचाच येतो, व मुलें समजतात कीं संगणक बिघडला. पट्टीच्या उजव्या टोकास कोपरे पुन्हां टोंकदार करण्याचें बटण आहे, तें दाबावें.

बाणाचें साधन घेतलें असतां याच पट्टीवर लांबी व रुंदीच्या रकान्यांमध्यें एक लहानसें कुलूप दिसतें. तें लावलें कीं एक बाजू वाढविली म्हणजे दुसरीहि त्याच प्रमाणांत वाढते. पुढें आणखी चार लहान बटणें आहेत. त्यांतील पहिलें, आकार मोठा केला असतां रेघेची जाडीहि मोठी व्हावी कीं नाहीं, हें ठरवितें. या बटणाकडे आम्ही वर्षभर पाहिलेंहि नव्हतें. स्नेहसंमेलनासाठीं काढलेलें चिन्ह मोठें केलें, तों रेघा केसासारख्या बारीक राहिल्या, आणि एक सबंध संध्याकाळ आम्ही प्रत्येक रेघ हातानें जाड करीत बसलों. बटण नाकासमोर होतें.

बिंदूंच्या साधनाबद्दल थोडें सविस्तर सांगितलें पाहिजे, कारण या विद्येचें मर्म तेथें आहे. लेखणीनें काढलेली रेघ बिंदूंवरून जाते. त्या बिंदूंस नोड म्हणतात. वांकड्या रेघेच्या बिंदूस दोन हात असतात. नवा विद्यार्थी रेघच पकडून ओढतो व ती वेडीवांकडी होते. बैलगाडी हांकणारा बैलाला ढकलीत नाहीं. तो कासरा ओढतो, मग बैल वळतो आणि गाडीची चाकोरी आपोआप वांक घेते. बिंदूचा हात हा तसा कासरा आहे. तो ज्या दिशेस ओढावा त्या दिशेस रेघ निघते. जितका लांब ओढावा तितका वांक पसरट होतो. दुसरें असें कीं बिंदु थोडे असावेत. 'लोहारा' या शब्दांतील 'ल' काढण्यास सांगितलें तेव्हां एका मुलानें त्यास तीसचाळीस बिंदु दिले होते. अक्षर थंडीनें कुडकुडल्यासारखें दिसत होतें. नको ते बिंदु निवडून डिलीट कळीनें काढून टाकीत गेल्यावर जे दहाबारा उरले त्यांनीं तेंच अक्षर सुरेख बसलें.

उजव्या बाजूस जे उघडतात त्यांस पॅनेल किंवा फलक म्हणावें. पट्टी ही हाताची, फलक हा निवडलेल्या वस्तूची हकीकत सांगणारा. पहिला फलक रंग व रेघेचा; तो कंट्रोल, शिफ्ट व एफ या तीन कळांनीं उघडतो. त्यांत तीन पानें आहेत: आंतील रंग, रेघेचा रंग, रेघेची जाडी. "सर, मीं काढलेलें वर्तुळ दिसत नाहीं" असें कोणी म्हटलें कीं आम्ही हा फलक उघडावयास लावतों. आंत रंग नाहीं व रेघेलाहि रंग नाहीं असें तेथें दिसून येतें. वर्तुळ असतें, फक्त अंगावर कांहीं नसतें! खालच्या रंगपट्टीवर नुसतें टिचकलें म्हणजे आंतील रंग बदलतो, शिफ्ट दाबून टिचकलें म्हणजे रेघेचा. दुसरा फलक वस्तु एका ओळींत व मध्यावर लावण्याचा, कंट्रोल, शिफ्ट व ए यांचा. डोळ्याच्या अंदाजानें मध्य साधण्याचा हट्ट मुलांनीं सोडावा. कागदाशीं जुळवा असें सांगून एक बटण दाबलें कीं काम होतें. तिसरा थरांचा. पारदर्शक कागद एकावर एक ठेवल्याप्रमाणें चित्राचे भाग वेगळ्या थरांवर ठेवावे व जो पुरा झाला त्यास कुलूप लावावें, म्हणजे मागची किनार चुकून सरकत नाहीं. आणि हे सर्व फलक एकाएकीं नाहींसे झाले तर घाबरूं नये. बहुधा एफ बारा ही कळ दाबली गेलेली असते, ती पुन्हां दाबावी. पट्ट्याच गेल्या असतील तर 'व्ह्यू' या मेनूंत त्या दाखविण्याची व लपविण्याची सोय आहे.

राहिली सर्वांत खालची ओळ. पडद्याच्या तळाशीं बारीक अक्षरांत कांहींतरी लिहिलेलें असतें. तिकडे कोणी पाहत नाहीं. आम्हीहि पाहत नव्हतों. तिला स्थितिपट्टी म्हणतात. जी वस्तु निवडावी ती काय आहे हें ती सांगते: चौकोन, पथ, इतक्या वस्तूंचा गट, किंवा अमुक टंकांतील मजकूर. आतां आमच्या चुकीची हकीकत सांगतों.

आमच्या शाळेंतील एक शिपाईमामा दीर्घ नोकरीनंतर निवृत्त झाले. मुलांनीं आठ फुटी फ्लेक्स तयार केला. मध्यें मामांचें नांव, भोंवतीं घंटेचीं व किल्ल्यांचीं चित्रें. रेखाटन छान होतें. आम्ही वरवर नजर टाकली आणि ती फाइल एका दुकानाकडे पाठविली. समारंभाच्या दिवशीं सकाळीं फ्लेक्स आला तेव्हां चित्रें जशीच्या तशीं होतीं, पण नांव मोडलें होतें. पहिल्या अक्षराची पहिली वेलांटी दुसऱ्या अक्षराच्या गळ्यांत पडली होती. 'दिवस' या शब्दाचें 'दविस' व्हावें तसा प्रकार. पुन्हां छापण्यास वेळ नव्हता. तो तसाच लावला. मामांचें वाचन बेताचेंच, परंतु पगाराच्या वहीवर इतकीं वर्षें सही करून आपलें नांव त्यांस चांगलें ओळखतां येत होतें. हार गळ्यांत असतां ते बराच वेळ फ्लेक्सकडे पाहत राहिले आणि हळूच म्हणाले, "सर, हे माह्यं नाव नाही." आम्हांस काय उत्तर द्यावें हें सुचलें नाहीं.

हें कां झालें, तें समजण्यास थोडें मागें जावें लागेल. छापखान्याच्या जुन्या रीतींत मराठी अक्षर प्रथम पोलादी ठशावर कोरीत, त्या ठशानें तांब्यांत सांचा उठवीत व त्यांत शिशाचा रस ओतून टाइप पाडीत. मुंबईस अमेरिकन मिशन प्रेसमध्यें टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखालीं मराठी टाइपाचें काम चाले. तेथें लहानपणीं कामाला असलेल्या जावजी दादाजी यांनीं पुढें १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला, व त्याच्या अक्षरांचें वळण सर्व देशभर वाखाणलें गेलें. टाइप एकदां पडला, जुळला व बांधला कीं वेलांटी जागची हालत नसे. संगणकांतील मजकूर तसा नाहीं. तो बांधलेला टाइप नसून खिळे जुळविणाऱ्याच्या हातीं दिलेला हस्तलिखित कागद आहे. ज्या ज्या संगणकावर तो उघडावा तेथें तेथें अक्षरें नव्यानें जुळविलीं जातात. ज्या संगणकाजवळ आपला टंक नाहीं तो हाताशीं असेल तो दुसरा टंक घेतो; आणि ज्यास मराठी जोडणी येत नाहीं तो अक्षरें आंत ज्या क्रमानें ठेवलीं असतील त्याच क्रमानें मांडून मोकळा होतो.

तो क्रम असा. पूर्वीं मराठी टंक करणारा जो तो आपल्या मर्जीप्रमाणें अक्षरांस क्रमांक देई, म्हणून एकाचा मजकूर दुसऱ्याच्या टंकांत नेला तर निरर्थक चिन्हें दिसत. युनिकोड या सर्वमान्य पद्धतीची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली व देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास कायमचा क्रमांक मिळाला. तींत 'दि' हें अक्षर उच्चाराच्या क्रमानें ठेवतात: आधीं द, मग वेलांटी. लिहितांना मात्र ही वेलांटी अक्षराच्या आधीं येते. तिला मागून पुढें आणणें, जोडाक्षरें जुळविणें, रफार वर चढविणें, हें काम टंक व सॉफ्टवेअर यांनीं मिळून करावयाचें असतें. र. कृ. जोशी यांनीं विंडोजसाठीं आंखलेला 'मंगल', किंवा मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनीं केलेला व कोणासहि विनामूल्य मिळणारा 'मुक्ता', यांसारख्या टंकांत हे नियम भरलेले असतात. पण नियम पाळणारें सॉफ्टवेअरच समोर नसेल तर टंक बिचारा काय करणार? मामांच्या नांवाची वेलांटी मागेंच राहिली ती अशी.

उपाय अगदीं सोपा होता. नांव निवडून 'पाथ' मेनूंतील 'ऑब्जेक्ट टु पाथ' ही आज्ञा द्यावयाची, किंवा कंट्रोल, शिफ्ट व सी दाबावयाचें. म्हणजे मजकुराचा पथ होतो, हस्तलिखिताचा बांधलेला टाइप होतो. मग तें अक्षर नसून आकार असतो, व तो कोणत्याहि संगणकावर तसाच उमटतो. आणि हें झालें आहे कीं नाहीं हें सांगण्यास ती खालची ओळ असतेच. त्या दिवशीं नांवावर एकदां टिचकून आम्ही खालीं पाहिलें असतें तर तेथें 'मजकूर' असा शब्द व टंकाचें नांव दिसलें असतें; पथ झाल्यावर तेथें वस्तूंचा गट असें दिसतें. दुकानदारास आम्ही बोल लावला नाहीं. फाइल आमची होती.

आतां आमच्या वर्गांत अशी शिस्त आहे कीं प्रत्येक कामाच्या दोन फाइली ठेवावयाच्या, एक मजकुराची व दुसरी पथाची. पथ झालेल्या नांवांतील शुद्धलेखनाची चूक पुन्हां टंकलेखन करून सुधारतां येत नाहीं, म्हणून पहिली फाइल हवी. पीडीएफ करतांना मजकुराचे पथ करावेत असा पर्यायहि विचारला जातो, तो निवडला तरी चालतें. रंगाबद्दलहि येथेंच एक सूचना: पडदा प्रकाशानें रंगतो व कागद शाईनें, त्यामुळें पडद्यावरील झगझगीत हिरवा रंग छापल्यावर निस्तेज होतो, मुलांनीं त्यासाठीं दुकानदाराशीं भांडूं नये.

मामांचें नांव पुन्हां करावयाचें ठरलें. फ्लेक्स कोठें लावणार? म्हणून मुलांनीं रेडियमच्या दुकानांत, जेथें मोटारसायकलींच्या पाट्या कापून मिळतात तेथें, तें कापून घेण्याचें सुचविलें. तेथेंहि एक नवी गोष्ट कळली. कापणारें यंत्र प्रत्येक पथाच्या कडेवरून पातें फिरवितें. देवनागरी टंकांत प्रत्येक अक्षराची शिरोरेघ आपल्यापुरतीच असते व शेजारच्या अक्षरावर किंचित् चढलेली असते. पडद्यावर तें दिसत नाहीं, पण पातें त्या प्रत्येक सांध्यावर कापतें आणि शिरोरेघेचे तुकडे पडतात. याकरितां गट सोडवून, सर्व अक्षरें निवडून, 'युनियन' ही आज्ञा द्यावी लागते. ती कंट्रोल व अधिकचें चिन्ह यांनीं देतां येते. मग सबंध नांवाचा एकच पथ होतो. या वेळीं मुलांनीं आमच्याआधीं खालची ओळ वाचली व "सर, पथ एक" असें मोठ्यानें सांगितलें.

कापून आणलेलें नांव आम्ही प्रथम मामांसच वाचावयास दिलें. त्यांनीं पहिल्या अक्षरावर बोट ठेवलें, वेलांटीवरून फिरविलें आणि मान हालविली. मामा आतां नातवास शाळेंत सोडावयास येतात; तें नांव त्यांच्या सायकलच्या मागील मडगार्डवर आहे.